माणसे कुणाची, मोजणार कोण?

काशीच्या घाटांच्या रांगेत दरभंगा घाट आणि अहिल्याबाई घाट यांच्या मध्ये मुन्शी घाट येतो. हे मुन्शी म्हणजे नागपूरचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी. घाटालगतचा दगडी महाल १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आता तिथे महागडे हॉटेल चालते. पायऱ्यांच्या तळाशी बांधलेल्या नावा मात्र मल्लाह या नावाडी जातीच्या. सकाळच्या आरतीला आलेल्या महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंना वाटते, जो आधी हाक मारेल त्याच्या नावेत बसावे. तसे नसते. घाटवार म्हणवणाऱ्या कुटुंबांकडे ठरावीक घाटावरून उतारू उचलण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. ज्याची बारी त्याचे उतारू. दुसऱ्याच्या घाटावर जाऊन गिऱ्हाईक ओढले तर भांडण होते आणि ते बिरादरीपुढे जाते. ज्याच्याकडे स्वतःची नाव नाही तो दुसऱ्याची चालवतो आणि कमाईतला वाटा घेतो. अस्सा डोरोन या मानववंशशास्त्रज्ञाने या नावाड्यांवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. त्यात ही घाटवारी, तिच्यातली भांडणे आणि सरकारशी चाललेली जुनी झटापट तपशिलाने आली आहे.

कामाची वाटणी, दरावर लक्ष, बाहेरच्याला मज्जाव आणि वेळ पडली तर नावा बांधून ठेवणे. कामगार संघटना आणखी काय वेगळे करते? २०१८ मध्ये गंगेत ‘अलकनंदा’ ही क्रूझ सुरू झाली, तेव्हा आपल्या पोटावर पाय येतो म्हणून नावाड्यांनी विरोध केला. पण या नावाड्यांची संघटना इंटक आणि सिटू या कामगार महासंघांपैकी कुणाला संलग्न आहे, असे घाटावर विचाराल तर बहुधा तुम्हालाच उलट प्रश्न येईल. पक्षांचे विचारा, मग मात्र अर्धा तास कुठे गेला ते कळणार नाही.

त्याच शहराच्या पश्चिम अंगाला बनारस रेल्वे इंजिन कारखाना आहे. १९६१ पासूनचे त्याचे नाव डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स, २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. तिथली दुनिया दुसरी. रेल्वेत एक अखिल भारतीय महासंघ हिंद मजदूर सभेला जोडलेला, दुसरा इंटकला, तिसरा भारतीय मजदूर संघाला. आणि या प्रत्येकाच्या मागे एखादा पक्ष किंवा विचारपरिवार, नाहीतर निदान त्याचा इतिहास. एकाच शहरातल्या दोन प्रकारच्या कष्टकऱ्यांपैकी एकाचा राजकारणाशी संबंध महासंघामार्फत येतो, दुसऱ्याचा थेट जातीमार्फत. असे का झाले, याचे उत्तर शोधायला मुंबईला आणि मुन्शींच्या नागपूरला जावे लागते.

गोष्ट सुरू होते ती एका निमंत्रणापासून. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. प्रत्येक देशाने सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे असे प्रतिनिधी पाठवायचे होते. कामगारांचा प्रतिनिधी त्या देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, असा नियम होता. भारतात तशी संघटनाच नव्हती. सरकारने भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांना परस्पर नेमले. जोशींच्या सचोटीबद्दल कुणालाच शंका नव्हती; पण त्यांना निवडले कुणी, हा प्रश्न उभा राहिला. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, जन्माला आली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. अध्यक्ष लाला लजपत राय, उपाध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा. ६४ संघटनांची मिळून सुमारे १ लाख ४० हजार सभासदसंख्या सांगितली गेली. ती मोजली कुणी, हे विचारायची तेव्हा रीत नव्हती.

पुढची शंभर वर्षे भारतातल्या कामगार चळवळीचे राजकारण याच प्रश्नाभोवती फिरले, असे माझे मत आहे. पक्षांनी युनियन गिळल्या, अशी तक्रार आपल्याकडे मध्यमवर्गीय गप्पांत हमखास ऐकू येते. पण पक्षाला युनियन हवीशी का वाटते आणि युनियनला पक्ष का लागतो, हे पाहायचे तर ‘कामगारांच्या वतीने बोलणारा कोण’ हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, ते आधी पाहिले पाहिजे. तो अधिकार कामगाराच्या हातात क्वचितच होता.

इंग्लंडात क्रम उलटा होता. तिथे आधी युनियन झाल्या, १८६८ मध्ये त्यांची काँग्रेस झाली आणि संसदेत आपली माणसे हवीत म्हणून १९०० मध्ये त्यांनी जी समिती स्थापली तिचा पुढे मजूर पक्ष झाला. पक्ष हे युनियनचे अपत्य. पैसा युनियनचा, म्हणून आवाजही. हा पैसा वापरायचा की नाही यावर तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९१३ च्या कायद्याने वेगळा राजकीय निधी ठेवण्याची सोय झाली. आपल्याकडे पक्ष आधी आले. युनियन काढायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधीच कुठल्यातरी पक्षाचा किंवा सभेचा कार्यकर्ता होता, आणि त्याला तसे असणे भागही होते. कारण खात्यातला कामगार पुढारी झाला की माणसे कामावर घेणारा जॉबर त्याला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवी. नोकरी जाण्याची भीती नसलेला, इंग्रजी अर्ज लिहू शकणारा, वेळप्रसंगी तुरुंगात जायची तयारी असलेला बाहेरचा माणूस लागे. ब्रिटिशांच्या कायद्यानेही ते मान्य केले. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला त्यामागे जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात केलेला पाठपुरावा होता. या कायद्याने पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे बाहेरचे असायला हरकत ठेवली नाही. इंग्लंडसारखाच स्वतंत्र राजकीय निधीही ठेवता येईल, मात्र त्याची वर्गणी ऐच्छिक, असे म्हटले. युनियन नोंदवायला सात माणसे पुरत.

सात माणसांत युनियन होते, ही सोय की अडचण? दोन्ही. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी कोर्टात जाऊन तिथल्या युनियनच्या नेत्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. त्या भीतीतून नोंदणीने सुटका झाली. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. नोंदवलेल्या युनियनशी मालकाने बोललेच पाहिजे, असे कायदा म्हणत नव्हता. मग एका कारखान्यात सातसात जणांच्या चार युनियन, प्रत्येकीचा बावटा वेगळा, आणि मालक ज्याच्याशी सोयीचे त्याच्याशी बोलणार.

मोजणीचा पहिला मोठा स्फोट नागपुरात झाला. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतले दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून सहा महिने संपावर होते. त्या संपात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’, वर्षअखेर चौपन्न हजारांच्या आसपास सभासद सांगू लागली. देशात एवढी मोठी युनियन दुसरी नव्हती. मार्च १९२९ मध्ये तिचे कम्युनिस्ट पुढारी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांना मीरत कटाच्या खटल्यात उचलले. त्याच वर्षाच्या अखेरीस आयटकचे अधिवेशन नागपूरला भरले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि काही आठवड्यांनी त्यांनाच लाहोरला काँग्रेसचेही अध्यक्षपद भूषवायचे होते. मजूरविषयक शाही आयोगावर बहिष्कार घालावा का, कोणत्या आंतरराष्ट्रीय संघटनेला जोडून घ्यावे, असे वाद झडले. मतांचे पारडे डाव्यांकडे झुकले, आणि त्यात मुंबईच्या गिरण्यांच्या सभासदसंख्येचे वजन मोठे होते. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. दोन वर्षांत डाव्यांतही फूट पडली. मग १९३८ मध्ये समेट झाला, तोही नागपुरातच, गिरींच्या तोडग्याने, आणि १९४० मध्ये तो पक्का झाला. फुटायला आणि जुळायला तेच गाव.

समेट होतो तोच मुंबईत नवे प्रकरण पेटले. १९३७ च्या निवडणुकीनंतर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते. १९३८ मध्ये त्यांनी औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. त्यात युनियनच्या प्रतवाऱ्या ठरवल्या होत्या, कुणी मालकाशी बोलायचे ते टक्क्यांवर ठरणार होते आणि संपावर बंधने येणार होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात कम्युनिस्ट आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष खांद्याला खांदा लावून उतरले. आंबेडकरांचे लाल बावट्याशी पूर्वी जमले नव्हते, आणि त्याला कारण होते. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नसे. धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागलेले सवर्ण विणकरांना चालत नसे. साच्यावर पगार जास्त. म्हणजे युनियन पगारवाढ मागत होती ती ज्या खात्यासाठी, त्याचे दारच एका वर्गाला बंद होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे दोन्ही कामगारांचे शत्रू आहेत, असे सांगितले. जात आणि युनियन यांचा संबंध बनारसच्या घाटावरच लागतो असे नाही. तो परळलाही होता, फक्त तिथे तो युनियनच्या पोटात होता.

हेच आंबेडकर पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि युनियनला मालकाने सक्तीने मान्यता द्यावी, अशी दुरुस्ती १९४३ मध्ये मांडली गेली. १९४७ मध्ये तसा दुरुस्ती कायदा मंजूरही झाला. तो अमलात कधीच आला नाही. कायदा मंजूर करायचा आणि लागू करायची तारीखच द्यायची नाही, ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे.

त्याऐवजी जे अमलात आले ते मुंबईचे. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, कामगारांच्या तोंडी नुसता ‘बीआयआर’. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबई सरकारात मजूरमंत्री होते, आणि त्यांची घडण अहमदाबादच्या मजूर महाजनात झालेली. गांधीजींच्या छायेतली ही संघटना आयटकमध्ये कधी गेलीच नाही. नव्या कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक युनियन’. मुंबईच्या सगळ्या कापड गिरण्या मिळून एक भाग. ठरावीक टक्के सभासद दाखवा, नोंद करा, मग बोलणी तुमच्याशीच, करार तुमचाच, आणि तो सगळ्यांवर बंधनकारक. हे टक्के गुप्त मतदानाने ठरत नव्हते. वर्गणीच्या पावत्यांवरून आणि सभासदांच्या वहीवरून ठरत होते. ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. ३ मे १९४७ ला दिल्लीत काँग्रेसच्या आशीर्वादाने इंटक स्थापन झाली, तिची मुंबईतली ही खंदी शाखा. परळची ‘मजदूर मंझिल’ तिचीच.

पावती फाडणे हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. पगाराच्या दिवशी खात्याच्या तोंडाशी युनियनचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा. बदली कामगाराला उद्या काम मिळणार की नाही हे ज्याच्या हातात, तो मुकादम किंवा बाबू शेजारी. पावती घ्यायची की नाही, हे माणूस स्वतःच्या मताने किती ठरवणार? कित्येक जण दोन पावत्या घेत: एक सरकारमान्य युनियनची, कारण रजा, बदली, ग्रॅच्युइटी यांची कामे तिथून होत, दुसरी मनातल्या युनियनची. दोन्ही युनियनच्या वहीत तोच माणूस. त्यामुळे पडताळणीला अधिकारी बसला की त्याच्यासमोर कामगारांपेक्षा सभासद जास्त, असा चमत्कार होई.

पण खरी गंमत मतपेटीत दिसते. गिरणगावातला माणूस युनियन एकाची, मत दुसऱ्याला, असा दुहेरी हिशेब सहज ठेवी. करार इंटकच्या संघाचा, संप लाल बावट्याचा, आणि १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत याच मुंबईने डांग्यांना लोकसभेत पाठवले. १९६८ मध्ये शिवसेनेने भारतीय कामगार सेना काढली. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून शिवसेनेचे वामनराव महाडिक आमदार झाले. सेनेचा हा पहिला आमदार, आणि तो लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यातून. बावटा गिरणीच्या दारावर, भगवा चाळीच्या गॅलरीत, आणि मधल्या जिन्यावर कुणालाही त्यात विसंगती वाटत नव्हती. गिरणीत तो साच्यावरचा कामगार होता. चाळीत कोकणातला, घाटावरचा, मराठी माणूस होता.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाकडे या नजरेने पाहिले की काही गोष्टी उलगडतात. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. सामंत घाटकोपरचे डॉक्टर, काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झालेले, इंटकमधूनच पुढे आलेले. मागणी पगारवाढीची होती, तशीच बीआयआर रद्द करा आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढा अशीही होती. आणि तिथेच गाडे अडले. अडीच लाख माणसे ज्याला आपला नेता म्हणत होती, त्याच्याशी करार करायला कायद्याने मालकांना मुभाच नव्हती. आणि ज्या संघाशी करार करता येत होता, त्याच्यामागे त्या क्षणी माणसे नव्हती. सरकार काँग्रेसचे, मान्यताप्राप्त युनियन काँग्रेसची. कायदा बदलणे म्हणजे आपलीच मान्यता आपणच काढणे. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. १९८४ च्या निवडणुकीत राजीव गांधींच्या लाटेत काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या, तेव्हा दक्षिण मध्य मुंबईतून सामंत निवडून आले. संपात हरलेल्या माणसाला मतपेटीत जागा मिळाली, कारण तिथे डोकी मोजायची पद्धत सोपी होती.

संपाच्या वेळी सामंत कुठल्याच केंद्रीय महासंघाचे नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. म्हणजे पक्षाशी बांधलेली युनियन वाईट आणि मोकळी चांगली, असा सोपा निकाल लावता येत नाही. महासंघाच्या मागे दिल्लीतली माणसे, वकील, इतर उद्योगांतले भाईबंद असतात. एकट्या नेत्याच्या मागे फक्त त्याचे अनुयायी.

महासंघांची पुढची वंशावळ थोडक्यात उरकतो. १९४८ च्या डिसेंबरात समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा काढली, अध्यक्ष नागपूरचे रुईकर, सरचिटणीस अशोक मेहता. १९४९ मध्ये युनायटेड ट्रेड्स युनियन काँग्रेस, म्हणजे युटक. २३ जुलै १९५५ ला, टिळकांच्या जयंतीला, भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघ. संस्थापक वर्ध्याच्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी, ज्यांनी त्याआधी इंटकमध्ये काम करून युनियनचे धडे घेतले होते. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला तरी आयटक आणखी सहा वर्षे एकत्र राहिली आणि १९७० मध्ये सिटू वेगळी झाली. आयटकमध्ये डांगे, सिटूचे अध्यक्ष बी. टी. रणदिवे. ठेंगडी, रुईकर, डांगे, रणदिवे, जोशी: देशाच्या कामगार चळवळीतल्या निम्म्या भाऊबंदकीत मराठी माणूस सापडतो. पानिपतानंतर एवढ्या दूरवर आपण बहुधा इथेच पसरलो.

१९६४ ते १९७० ही सहा वर्षे मला महत्त्वाची वाटतात. पक्ष फुटतो तो विचारांवर, युनियन फुटते ती वर्गणी, कार्यालय आणि करार यांच्या वाटणीवर. त्याला वेळ लागतो. पक्षाच्या उलट जाण्याचेही दाखले आहेत. ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे संप झाला. त्यात डाव्या आणि समाजवादी युनियनांबरोबर भारतीय मजदूर संघाचे रेल्वे कामगारही होते, बाजूला राहिला तो इंटकचा महासंघ. वाजपेयी सरकारच्या आर्थिक धोरणांवर सर्वांत कडक बोलणाऱ्यांत ठेंगडी होते. २००३ मध्ये त्यांनी पद्मभूषण नाकारले.

देशपातळीवरच्या मोजणीचा किस्सा गिरणगावासारखाच. भारतीय श्रम परिषद, भविष्यनिर्वाह निधीचे विश्वस्त मंडळ, आंतरराष्ट्रीय परिषदेचे शिष्टमंडळ, या सगळ्या जागा सभासदसंख्येवर मिळतात आणि संख्या पडताळते सरकारचे श्रम खाते. १९८० च्या पडताळणीत इंटक पहिली होती. १९८९ च्या पडताळणीत सुमारे ३१ लाखांवर मजदूर संघ पुढे गेला, पण निकाल बाहेर यायला वर्षे लागली. २००२ च्या पडताळणीत मजदूर संघ सुमारे ६२ लाख, इंटक सुमारे ३९ लाख, आयटक सुमारे ३४ लाख. पुढची वीसेक वर्षे याच आकड्यांवर कारभार चालला. श्रम परिषद २०१५ च्या ४६ व्या अधिवेशनानंतर दहा वर्षे भरलीच नाही. इंटकमधल्या गटबाजीचे खटले कोर्टात आहेत, असे म्हणून तिला मधल्या काळात सरकारी समित्यांतून बाजूला ठेवले गेले. ज्याचे राज्य त्याची गणती, हे १९४६ मध्ये जितके खरे होते तितकेच पुढेही राहिले. फक्त राज्य बदलले.

रेल्वेत मात्र २००७ पासून मान्यतेसाठी गुप्त मतदान सुरू झाले. पावतीपुस्तक घेऊन उभा राहणारा माणूस मतदानकेंद्राच्या पडद्याआड येऊ शकत नाही. एवढ्या एका बदलाने पक्षांचे हात युनियनमधून सुटले असे नाही, पण कामगाराला दोन पावत्या घेऊन एकच खरे मत देता येऊ लागले. बाकी उद्योगांत ही पद्धत सार्वत्रिक झालेली नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानेही ३० टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनला मान्यता दिली ती तपासणीनेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यानुसार ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे, ती एकटी वाटाघाट करणार. तेवढे कुणाचेच नसतील तर मोठ्या युनियनांची मिळून परिषद. कोणत्या महासंघाला ‘केंद्रीय’ म्हणायचे, ते ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. बहुतेक केंद्रीय संघटनांनी या आणि इतर श्रम संहितांविरुद्ध संयुक्त आघाडी उघडली आणि त्या लागू होण्याआधीच, ९ जुलै २०२५ ला, देशव्यापी संप केला; मजदूर संघ त्यात नव्हता.

आता मुन्शी घाटावरचा नावाडी. त्याच्यासमोर मालक नाही, म्हणून करार नाही. करार नाही म्हणून मान्यताप्राप्त युनियन नाही, आणि ती नाही म्हणून महासंघाला त्याच्यात रस नाही. त्याची गाठ पडते ती सरकारशी. १८७८ च्या उत्तर भारतातील फेरी कायद्याने नदीचे उतार सरकारी झाले आणि त्यांचे लिलाव होऊ लागले. इंग्रजांनी मल्लाहांना गुन्हेगार जमातींच्या यादीतही घातले. आज नावेचा परवाना नगर निगम देतो, डिझेलऐवजी सीएनजीचे इंजिन बसवा असे सरकार सांगते, क्रूझला जेटी सरकार देते, वाळूचा आणि मासेमारीचा ठेका सरकारच काढते. यातल्या प्रत्येक मागणीचे उत्तर लखनौत किंवा दिल्लीत आहे आणि तिथे जायचा रस्ता आमदाराच्या दारावरून जातो. शेजारच्या मिर्झापुरातून १९९६ आणि १९९९ मध्ये फूलनदेवी खासदार झाल्या, त्या समाजवादी पक्षाच्या असल्या तरी मल्लाहांच्या लेखी घरच्याच. २०१६ मध्ये संजय निषाद यांनी मल्लाह आदी जातींचा निषाद पक्ष काढला. २०१८ मध्ये गोरखपूरच्या पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा समाजवादी पक्षाच्या तिकिटावर जिंकला, पुढच्या वर्षी तो भाजपमध्ये गेला, आणि २०२२ मध्ये संजय निषाद योगी सरकारात मत्स्यखात्याचे मंत्री झाले. महासंघांनी आपल्या सभासदांसाठी एवढ्या थोड्या वर्षांत मंत्रिपद क्वचितच मिळवले असेल. मात्र त्या मंत्रिपदातून मुन्शी घाटावरच्या बारीचे, नाव वल्हवणाऱ्याच्या वाट्याचे, क्रूझच्या दरांचे काही सुटेलच असे नाही. पक्ष समाजाचा आहे, आणि समाजात नावेचा धनीही आला आणि तिच्यावर राबणाराही.

बनारसचे विणकर याच वाटेने गेले. त्यांच्या तंजीमा, म्हणजे बिरादरीच्या संघटना, आहेत, सरदार आहेत. संपाला ते ‘मुर्री बंद’ म्हणतात. यंत्रमागाच्या विजेचा सवलतीचा दर काढून घेतला तेव्हा २०२० मध्ये असाच बंद झाला. २०१४ मध्ये नरेंद्र मोदींनी वाराणसीतून अर्ज भरला तेव्हा त्यांच्या चार सूचकांत एक नावाडी आणि एक विणकर होता. युनियनचा पुढारी एकही नव्हता, आणि तशी गरजही कुणाला वाटली नाही.

मधली वाट काढणारे उदाहरण देशात आहे. अहमदाबादच्या मजूर महाजनातून इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ काढली. फेरीवाल्या, घरात बसून विड्या वळणाऱ्या, कागद वेचणाऱ्या बायकांची ही संघटना. मालक नसलेल्यांची युनियन कशी नोंदवायची, असा प्रश्न नोंदणी खात्याने तेव्हा विचारला होता. पुढे ती केंद्रीय संघटना म्हणून गणली गेली, आणि ती कुठल्याही पक्षाची नाही. बनारसच्या पायऱ्यांवर तसे काही उभे राहिलेले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू केले. आधार क्रमांकाच्या जोरावर तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांनी त्यावर नावे घातली. या मोजणीत नावाडी येतो. अर्जात व्यवसायाचा रकाना आहे, बँक खात्याचा आहे, संघटनेचा नाही.